मला धरून किती

"मला धरून किती?" असं विचारत काकू खोलीत यायच्या, आणि बसण्याआधी खुर्चीच्या हातावर उजवा अंगठा एकदा दाबायच्या. दारावरची घंटा दाबावी तसा. उठून जातानाही तसाच एकदा दाबायचा आणि मगच पदर सावरून निघायचं.

हे फक्त टीव्ही चालू असेल तेव्हाच होतं, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. टीव्ही बंद असला की त्या नुसत्या येऊन बसत. शेजाऱ्यांच्या सवयी तुम्हीही न्याहाळल्या असतील. आधी वाटतं संधिवात असेल, मग वाटतं देवाचं काहीतरी असेल, आणि नंतर आपण बघायचंच सोडून देतो. आमच्या मुलीनं एकदा मला हळूच विचारलं होतं, "वास माख्ट झी दा?" काय करतात त्या. मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिनं विचारलं नाही. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि काकूंसमोर त्याची तिला लाज वाटायची.

आम्ही जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला राहतो. मी बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर, आणि दुसऱ्या मजल्यावर मंजिरी आणि अभय. अभय गावातल्या खेळाच्या बुटांच्या कंपनीत संगणकाचं काम बघतो. काकू म्हणजे मंजिरीची आई. दर उन्हाळ्यात पुण्याहून यायच्या, व्हिसाचे तीन महिने संपत आले की परत जायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंजिरीचा मोठा भाऊ, श्रीकांत, अमेरिकेत असतो.

मुलगा असताना लेकीच्या घरी राहणं काकूंच्या पिढीला जड जातं. त्या स्वतःचं ताट आणि वाटी पुण्याहून आणायच्या. सोफ्यावर कधी बसल्या नाहीत. दाराजवळची लाकडी खुर्ची, तीसुद्धा अर्धीच वापरायच्या. एकदा मी वर गेलो होतो तेव्हा त्या विचारत होत्या, "अभयराव, पाणी घेऊ का?"

"आई, नळ आहे तो," अभय म्हणाला. "नळाला काय विचारायचं."

"नळाला नाही हो, तुम्हाला विचारलं."

अभय बिचारा कानापर्यंत लाल झाला. तो सरळ माणूस आहे. त्याला सासूनं इतकं अदबीनं वागवावं, याचीच त्याला शरम वाटायची.

गावातली आणि आसपासची मराठी कुटुंबं जमली की कोणाची तरी सासू हमखास विचारायची, "मुलगा अमेरिकेत ना तुमचा? मग इकडे कशा?"

"तिकडे घरात जिने फार हो," काकू म्हणायच्या. "माझे गुडघे दुखतात."

हे उत्तर मी कितीदा तरी ऐकलं. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. काकू दिवसातून चारदा दोन मजले चढायच्या, हातात कधी भाजी, कधी आमच्याकडून नेलेलं विरजण. माझ्या बायकोनं, सुनीतानं, ते केव्हाच टिपलं होतं. ती म्हणाली, "अमेरिकेतले जिने वेगळे असतील."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात श्रीकांतचा फोन आला. जूनच्या शेवटी त्याला कामासाठी म्युनिकला यायचं होतं, पुढे सुट्टी जोडून तो इकडे राहणार होता, आणि परतताना आईला कायमची घेऊन जाणार होता. नवं मोठं घर घेतलं होतं. "वर तुझी वेगळी खोली केलीय," असं त्यानं तिला सांगितलं. काकू हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. दोन दिवसांनी मंजिरी खाली आमच्याकडे आली.

"भाऊ, तुम्ही आईशी बोला. जायचं नाही म्हणते, आणि कारण काय सांगते, तर तिकडच्या टीव्हीच्या मोजणीत मी खोटं केलंय. विमानतळावर धरतील म्हणते."

"कसली मोजणी?"

"ते तीच सांगेल. मला आल्झो, म्हणजे, हसावं की रडावं कळत नाही. तुम्ही आकड्यांतले. तुमचं ऐकेल."

काकू मागच्या अंगणातल्या बाकावर शतावरी सोलत बसल्या होत्या. इकडे त्या दिवसांत पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचं सगळ्यांना वेड लागतं. काकूंना त्यात काही विशेष वाटत नसे. "मुळ्याचा आजारी भाऊ," असं त्यांचं मत होतं. पण सोलायला आवडायचं. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"कोणाला सांगायचं नाही अशी अट होती," त्या म्हणाल्या. "पण दहा वर्षं झाली आता. आमचं घर नमुन्याला उचललं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेत त्या मुलाकडे राहत असताना एका कंपनीचा माणूस आला आणि टीव्हीवर एक डबी बसवून गेला. कोणता कार्यक्रम किती लोक बघतात ते त्यावरून मोजायचं होतं. डबीला बटणं. एक श्रीकांतचं, एक सुनेचं, एक नातवाचं आणि एक काकूंचं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. न दाबता बसलं की लाल दिवे लुकलुकत राहतात.

"श्रीनं आठ दिवस दाबलं," काकू म्हणाल्या. "मग म्हणाला, आई, तूच बघ हे. मग मीच सगळ्यांची दाबायची. कोण आलं, कोण उठलं, लक्ष ठेवायचं. बरं वाटायचं मला. त्या घरात कोण कधी येतं, कधी जातं, कळायचंच नाही हो. प्रत्येकाची गाडी वेगळी, जेवायची वेळ वेगळी. डबी आल्यावर कळायला लागलं."

"आणि पाहुणे आले तर?"

"त्यांची बटणं वेगळी. पण त्यांचं वय घालावं लागतं. बाई की पुरुष ते दिसतं, वय विचारायला लागतं. मी तेवढं इंग्रजी पाठ केलं होतं. एज प्लीज." त्या हसल्या. "सुनेची एक मैत्रीण होती, आपल्यातलीच. पहिल्या वर्षी पस्तीस सांगितलं, दुसऱ्या वर्षी पस्तीस सांगितलं. मी पस्तीसच घातलं. ते खोटं तिचं, माझं नव्हे."

"मग तुमचं कोणतं?"

त्यांनी सोललेली शतावरी भांड्यात ठेवली, दुसरी घेतली.

"त्यांचा तो फुटबॉलचा मोठा सामना असतो ना. रविवारी. सगळी अमेरिका बसते. शहाण्णव साल होतं, जानेवारी. श्रीच्या ऑफिसातले लोक यायचे होते. माझं डोकं दुखत होतं, म्हणून मी वर जाऊन पडले. पण जाताना माझं बटण चालू करून गेले."

"चुकून."

"चुकून नाही. चुकून असतं तर कशाला सांगितलं असतं? मुद्दाम दाबलं, आणि मग वर गेले."

"का?"

"सगळेच असणार होते ना," काकू म्हणाल्या. "सगळ्या देशातनं मी एकटीनंच कशाला नसायचं, असं वाटलं."

"आणि पाहुण्यांची बटणं कोणी दाबली?"

"कोणी दाबणार? मी वर."

"म्हणजे जे बसले होते ते मोजले गेले नाहीत, आणि तुम्ही नसताना मोजल्या गेलात."

"तेच तर," काकू म्हणाल्या. "दोन दिवसांनी श्रीनं पेपर वाचून दाखवला. आजवरच्या फायनलमधला सगळ्यात मोठा आकडा. नऊ कोटींच्या वर. तो खूश. मी मान खाली घालून पोळ्या लाटत होते. त्यात मी होते ना."

मला तिथे समजावायला पाठवलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. पण काही सांगायचं तर खरं सांगावं, अशी माझी सवय. मी म्हटलं, "काकू, नऊ कोटींत एक बटण म्हणजे काहीच नाही. पण ते लोक प्रत्येक माणूस मोजत नाहीत. काही थोडी घरं निवडतात, आणि एका घरामागे तशी हजारो घरं आहेत असं धरतात. आम्ही पेटीतनं मूठभर बेअरिंग काढून तपासतो आणि अख्ख्या पेटीवर शिक्का मारतो, तसंच."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे माझ्यामागे हजारो बायका होत्या?"

"हिशेबात, हो."

"मग त्या सगळ्यांना मी वर नेऊन झोपवलं की हो. आणि सांगितलं, खाली बसल्यात."

"तसं नाही. थोडीफार चूक त्यात गृहीतच असते."

"तुमच्या त्या मुठीत एक खोटं निघालं तर तुम्ही काय करता?"

इथे दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "पेटी बाजूला ठेवतो."

"हं," काकू म्हणाल्या, आणि सोलायला लागल्या.

सुनीतानं हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला समजावायला पाठवलं होतं की शिक्षा सुनावायला?"

पण खरी गोष्ट मला तेव्हाही दिसायला हवी होती. दोन वर्षं प्रत्येकाचं बटण न चुकता दाबणारी बाई, जिला पाहुण्यांची वयं विचारायला आवडायचं, ती वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरणार असताना, डोकं दुखतं म्हणून वर जाते. आमच्या कामात ओरखडा दिसला की आधी विचारतात, हा पडला कुठे. मी ओरखडाच मोजत बसलो.

जूनच्या शेवटी श्रीकांत आला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेल. आल्या आल्या आईच्या पाया पडला. मंजिरीसाठी, अभयसाठी, आमच्या मुलीसाठीसुद्धा काही ना काही आणलं होतं. मोठ्यांदा हसायचा, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकायचा. काकू त्याच्याकडे बघताना वेगळ्याच दिसायच्या. तो बाजारातून काय आणतो, किती खातो, कोणता शर्ट घालतो, सगळं त्यांना आवडायचं. फक्त अमेरिकेचा विषय निघाला की स्वयंपाकघरात काहीतरी उतू जायचं.

"आई, तिकीट काढू ना?" तो विचारायचा.

"बघू रे. तुझी सुट्टी तर संपू दे."

त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत होता, आणि अर्जेंटिनाचा संघ आमच्याच गावात मुक्कामाला होता. बेकरीवाल्यानं निळेपांढरे झेंडे लावले होते. मग जर्मनीची गाठ नेमकी अर्जेंटिनाशी पडली, आणि झेंडे काढावेत की ठेवावेत यावरून त्याच्या घरात भांडण झालं असं ऐकलं. सामना शुक्रवारी संध्याकाळी पाचला होता. कारखान्यातून सगळे लवकर सुटले. आमचा टीव्ही त्यातल्या त्यात मोठा, म्हणून मंडळी आमच्याकडे जमली. सुनीतानं वडे केले होते, अभयनं ब्रेत्सेल, इकडचे ते खारे पाव, आणले होते.

काकू शेवटी आल्या. "मला धरून किती?"

"अकरा," अभय म्हणाला. "गेनाऊ, बरोब्बर. पुरा संघ झाला."

काकू दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी अंगठा दाबला. श्रीकांतनं ते पाहिलं.

"आई, अजून?" तो हसायलाच लागला. "अरे, तुम्हाला हिची गंमत माहीत नाही."

आणि त्यानं गंमत सांगितली. सांगतोही छान. डबी, लाल दिवे, आईनं मांडलेला पहारा. नातू बाथरूमला उठला तरी त्याचं बटण बंद. त्यानं काकूंची नक्कल केली, पदर खोचून, हात पुढे करून, "एज प्लीज." सगळे हसले. मी हसलो. काकूही तोंडाला पदर लावून हसत होत्या. सामना सुरू झाला होता, पण अजून रंगला नव्हता.

"आणि एका वर्षी फायनलला माझा बॉस येणार होता," श्रीकांत म्हणाला. "बायकोसकट. मला रात्रभर झोप नाही. ही त्या बाईला वय विचारणार, हे ठरलेलं. शेवटी मी म्हटलं, आई, प्लीज, आज तू वर बस. तुझं जेवण मी वर आणून देतो." तो अजून हसत होता. "चार तास ही वर. आणि मी गडबडीत जेवण न्यायचंच—"

तिथे तो थांबला. आपलं वाक्य आपल्याच कानावर पडलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. हसणारे एकदम थांबले नाहीत. एकेक जण थांबत गेला. शेवटचा थांबला तेव्हा ते फार वाईट ऐकू आलं.

"तू तिला वर बसवलंस?" मंजिरी म्हणाली. "ती म्हणाली होती डोकं दुखत होतं."

"दुखतच होतं," काकू घाईनं म्हणाल्या. "आणि मला भूक नव्हती. श्री, सामना बघ."

"आई, तू दहा वर्षं मला—"

"मंजू, गप्प बस. चूक माझी होती." त्या श्रीकांतकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता. "तू पेपरात वाचून दाखवलास ना तो आकडा, त्यात मी होते. मी वर असताना. बटण मीच चालू करून गेले होते. तुझ्या पाहुण्यांचं कोणी दाबलं नाही, आणि माझं तेवढं चालू. मी खोटं केलं. मला त्याची अजून लाज वाटते."

श्रीकांतनं हातातली ताटली खाली ठेवली.

टीव्हीवरचा माणूस बोलत होता. आम्ही सगळे टीव्हीकडे बघत होतो, आणि मला खात्री आहे, कोणाला काही दिसत नव्हतं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एक वरची खोली असते. कधी ती स्वयंपाकघर असते, कधी बाल्कनी. बऱ्याच वेळानं एक बाई, समोरच्या गल्लीतल्या, कोणी विचारलं नसताना म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना फुटबॉल आवडत नाही. म्हणून ते घरी थांबलेत." थोड्या वेळानं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्यानं गालिच्याकडे.

अर्जेंटिनानं गोल केला. मग शेवटी शेवटी जर्मनीनं बरोबरी केली आणि बाहेर सगळं गाव ओरडलं. आम्हीही ओरडलो, जरा जास्तच, कारण ओरडायला काहीतरी मिळालं होतं. त्या गोंधळात श्रीकांत "पाणी पिऊन येतो" म्हणून उठला.

तो परत आला नाही. जादा वेळ संपला, पेनल्टीची वेळ आली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळा देश कसा गप्प झाला होता. आमच्या रस्त्यावर एक गाडी नव्हती. उघड्या खिडकीतून शेजारच्या घरातला टीव्ही आमच्याच टीव्हीसारखा ऐकू येत होता. अशा वेळी काकूंनी खोलीत एकदा नजर फिरवली. बाकी सगळे पडद्याकडे बघत होते. त्या माणसं बघत होत्या.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात लांब करून श्रीकांतच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर अंगठा दाबला. मग स्वतःच्या. मग उठल्या, त्याची तशीच राहिलेली ताटली उचलली, तिच्यात दोन गरम वडे घातले, आणि बाहेर गेल्या.

त्यांनी दार अर्धवट उघडं ठेवलं होतं, आणि मी त्या बाजूला बसलो होतो. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर श्रीकांत बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, तोंड हातांत. काकू त्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. ताटली त्याच्या मांडीवर ठेवली. तो ताटलीकडे बघेना.

"खा," काकू म्हणाल्या. "निवलं की तेलकट लागतं."

मी मान वळवली. पुढची पेनल्टी मी पाहिली असं म्हणता येणार नाही.

जर्मनी जिंकली. वरच्या मजल्यावरचा म्हातारा जर्मन शेजारी झेंडा घेऊन धडधडत जिना उतरला आणि त्या दोघांना बघून अडखळला. काकूंनी साडी आवरून त्याला वाट करून दिली. "गेवोनन," तो त्यांना म्हणाला. जिंकलो. काकूंनी मान डोलावली. श्रीकांत खाली बघून वडा खात होता. बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते आणि आतले सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ते दोघं मात्र कितीतरी वेळ तिथेच बसून होते.

दोन दिवसांनी काकूंनी सांगितलं की त्या अमेरिकेला जाणार. मंजिरी भडकली. ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून सुनीताशी बोलत होती, आणि काकू विरजणाची वाटी घेऊन मागे येऊन उभ्या होत्या, ते तिला माहीत नव्हतं.

"आता कशाला जायचं? आता तर सगळ्यांना कळलंय. आता तिनं नाही म्हटलं तर कोण काय बोलणार आहे?"

"म्हणूनच," काकू मागून म्हणाल्या. "आधी नाही म्हटलं असतं तर गुडघ्यांवर गेलं असतं. आता नाही म्हटलं तर तो तिथेच बसून राहील, जिन्यात."

मंजिरी रडायला लागली. "आणि तुझं काय?"

"माझं काय? मला वरची खोली नको म्हणून सांगितलंय त्याला. खालीच कुठेतरी टाक म्हटलं. हो म्हणालाय." त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "आणि लेकीच्या घरी तरी किती राहायचं?"

"हे तुझंच घर आहे," मंजिरी म्हणाली.

"ते तू मला पाणी न विचारता घेऊ दिलं असतंस तर पटलं असतं," काकू म्हणाल्या, आणि मग दोघी हसायला लागल्या, कारण न विचारता पाणी घ्यायला काकूंना कोणी कधी अडवलंच नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी त्या निरोप घ्यायला खाली आल्या. टीव्ही बंद होता. अंगठा न दाबता बसल्या.

"भाऊ, एक विचारू? तिकडे गेल्यावर त्या मोजणीवाल्यांना सांगू का?"

या वेळी मी जरा थांबलो. "दहा वर्षं झाली, काकू. ती पेटी केव्हाच गेली."

"गेलेल्या पेटीचं तुम्ही काय करता?"

"तिचं काही करता येत नाही. पुढची नीट बघतो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. जाताना सुनीताच्या हातात पुण्याचं ताट आणि वाटी दिली. "तिकडे लागणार नाहीत. लेकाचंच घर ते."

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्या तिकडेच वारल्या. झोपेत, असं मंजिरीनं जिन्यात उभं राहून सांगितलं. तिला विमानाचं तिकीट वेळेत मिळालं नव्हतं.

त्यानंतर फेब्रुवारीत इकडच्या पेपरात एक छोटी बातमी आली. अमेरिकेतला फुटबॉलचा अंतिम सामना इतक्या लोकांनी पाहिला की त्या देशाच्या टीव्हीच्या इतिहासात त्याच्या वर फक्त एका जुन्या मालिकेचा शेवटचा भाग उरला. मी ती बातमी दोनदा वाचली. त्या आकड्यात काकू नव्हत्या, एवढं नक्की.

आधीच्या वर्षीच्या सामन्याला मात्र त्या होत्या. त्या घरी, त्या संध्याकाळी. श्रीकांतकडे पाहुणे आले असतील का, आले असतील तर काकू कुठे बसल्या होत्या, खाली की वर, हे मला माहीत नाही. मंजिरीलाही माहीत नाही. श्रीकांतचा नंबर आमच्याकडे आहे. दिवाळीला तो फोन करतो, मुलीची चौकशी करतो, थोडं हसतो. आम्ही हवामानाबद्दल बोलतो. ते विचारायचं अजून राहिलंच आहे.